दोन गाण्यांच्या मधलं

माझ्या कपाटात बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे आहेत आणि त्यांत गच्च कॅसेटी भरलेल्या आहेत. आमच्या उपनगरातल्या रॉक बँडांचे कार्यक्रम, सगळे मी स्वतः समोर बसून टेप केलेले. कॉलेजच्या हॉलमधले, चर्चच्या मैदानातले, एक तर चक्क लग्नाच्या मांडवातला. त्या बँडांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, वाजवणाऱ्यांपैकी निम्मे परदेशी गेले, उरलेल्यांना गुडघेदुखी लागली. अधूनमधून कुणी अभ्यास करणारी मंडळी येतात, डबे उघडतात, ‘मॅडम, केवढा खजिना हा!’ म्हणतात, चहा पितात आणि जातात. त्यांना मी कधीच सांगितलं नाही की यातली एक कॅसेट खोटी आहे. आज सांगून टाकते. या वयात आता कोण मला फासावर देणार आहे!

आम्ही बोरीवली पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा आणि मी. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे. ‘मीठ दे’ हे त्यांनी असं म्हणावं की शेजारच्या शिंदेवहिनींनी मीठ घेऊन यावं. आई मालवणची. तिची सकाळ खोबरं किसण्याने सुरू व्हायची. विळीवरचा तो खरखर आवाज, मग पाट्यावर वाटणाचा, मग घावणाच्या तव्यावरचा चर्रर्र. मला जाग यायची ती या आवाजांनी, आणि डोळे मिटून मी ओळखायची की आज नारळ जून आहे की कोवळा. पुढे लोक म्हणायचे, शैलाचा कान तयार आहे. अहो, कान आईच्या विळीने तयार केला, दुसऱ्या कुणी नाही.

टेपरेकॉर्डर मामाने मस्कतहून आणलेला. बाबांच्या भजनांसाठी आणला होता, आणि आईने त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. सुरुवातीची दोन वर्षं त्यावर फक्त आमच्या चाळीतलं शनिवारचं भजन टेप झालं. मग मी अंधेरीला कॉलेजात गेले, आणि सगळीच वाट लागली.

वर्गात मिलिंद होता. उंच, शांत, आणि हाताची बोटं सतत बाकावर वाजत असलेला. तो एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्याच्या घरी याचं फार कौतुक नव्हतं. त्याचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मराठवाड्यातून रिकाम्या हाताने आलेले, वस्तीत वाचनालय चालवणारे, अतिशय ताठ गृहस्थ. जन्मभर दुसऱ्यांची नावं त्यांनी शिशाच्या अक्षरांत जुळवली होती. मुलाला ते एवढंच म्हणायचे, “वाजव. पण ज्या दिवशी तुझं नाव छापून येईल, त्या दिवशी मी मानेन की हे काम आहे.” मिलिंद हे हसत सांगायचा. पण सांगायचा वारंवार, म्हणजे ते त्याला किती लागलं होतं बघा.

बँडचा गायक ग्लेन. बोरीवली पश्चिमेच्या ख्रिश्चन वस्तीतला, देखणा, बोलघेवडा, स्टेजवर गेला की अंगात आल्यासारखा. मनाने वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवते. त्यांचा पहिला कार्यक्रम मी ऐकला तेव्हा माझं डोकं सुन्न झालं. गाणी इंग्रजी, मला निम्मे शब्द कळेनात, पण तो बेस पोटात वाजत होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विचारलं, “काल तिसऱ्या गाण्यात मध्ये ते काय वाजवलंस रे?” तर मिलिंद म्हणाला, “कुणास ठाऊक यार! वाजलं आणि गेलं.”

मला इतका राग आला! गेलं म्हणजे काय? आमच्या चाळीतलं भजनसुद्धा टेप होतं, आणि हे असंच हवेत जाणार? पुढच्या कार्यक्रमाला मी मामाचा टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून गेले. आईचं जुनं लुगडं त्याभोवती गुंडाळलं, म्हणजे मोटरची घरघर माईकमध्ये जात नाही. माईक पिशवीच्या तोंडाशी, वर कोथिंबिरीची जुडी. दारावरच्या माणसाला वाटायचं, पोरगी बाजार करून आली. रॉकच्या कार्यक्रमात कोथिंबीर घेऊन बसलेली साडीतली मुलगी मी एकटीच असेन.

काही दिवसांत माझे नियम ठरले. बसायचं डावीकडे, तिसऱ्या-चौथ्या रांगेत, ड्रमपासून लांब. टाळी वाजवायची नाही, कारण टेप करणाऱ्याची टाळी माईकला कानाखाली मारल्यासारखी ऐकू येते. मूळ कॅसेट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. कुणाला हवी तर कॉपी. आणि चौथा नियम, ज्याचा मला फार अभिमान होता: गाणं संपलं की पॉज दाबायचा, पुढचं सुरू होताना सोडायचा. कोऱ्या कॅसेटी महाग, आणि माझा स्वभाव मुळात कंजूष. वाजवणाऱ्यांची बडबड, खाकरणं, ‘हॅलो हॅलो माईक चेक’, यावर कोण टेप घालवणार! माझ्या अंगठ्याला त्याची इतकी सवय झाली की शेवटचा ठोका पडायच्या आत तो बटणावर असायचा. बाकीचे टेप करणारे एका कॅसेटवर एक कार्यक्रम घ्यायचे, मी दीड बसवायची. आज सगळे हात वर करून फोनवर तासन्‌तास घेत बसतात, आणि पुन्हा कधी बघतही नाहीत. मला त्यांचा हेवाही वाटतो आणि चीडही येते.

त्या काळात फक्त एकदा हा नियम मोडला, तो गोराईला. चर्चच्या मैदानात सणाचा कार्यक्रम होता, आम्ही होडीने खाडी ओलांडून गेलो होतो. तिथल्या एका मावशीने माझ्या दोन्ही हातांत गरम फुगे कोंबले. फुगे म्हणजे मैद्याचे गोडसर तळलेले गोळे, बाहेरून खरपूस, आत लुसलुशीत. “खा गो बाय, हाडं दिसतान तुजी,” म्हणाली. हात तेलकट, बटणाला लावायची सोय नाही. त्यामुळे त्या दिवशीचं दोन गाण्यांच्या मधलंही सगळं टेप झालं. घरी येऊन ऐकल्यावर मी स्वतःवर चिडले होते.

त्या वर्षी बँडने एक स्वतःचं गाणं केलं. शब्द ग्लेनचे, चाल मिलिंदची. चाल झाली ती माझ्या डोळ्यांदेखत, आमच्याच घरात. कॅसेट ऐकायला मिलिंद दर आठवड्याला यायचा, आई त्याला घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार वाढायची, आणि तो जेवताना ती चाल गुणगुणत, मोडत, पुन्हा लावत बसायचा. आई म्हणायची, “ह्या झिलाच्या तोंडात घास कमी नि गाणा जास्ती.” महिनाभर हे चाललं. मग अंधेरीला कॉलेजच्या हॉलमध्ये ते गाणं पहिल्यांदा वाजलं. सुरू करण्याआधी ग्लेन माईकवर म्हणाला की ही चाल आपल्या बेसवाल्याची आहे, टाळ्या त्याला द्या. हॉल दणाणला. मिलिंदने मान खाली घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. आणि अंगठा, अर्थातच, पॉजवर होता.

पुढे काही महिन्यांनी अंधेरीतल्या एका छोट्या कॅसेट कंपनीने उपनगरातल्या बँडांची कॅसेट काढायचं ठरवलं. कंपनी म्हणजे एक गाळा आणि वागळे नावाचे एक जाडजूड, घामेजलेले, पण सरळ गृहस्थ. बँडचं ते गाणं निवडलं गेलं. फॉर्म ग्लेनच्या काकांनी भरला, आणि त्यात ‘शब्द आणि संगीत’ दोन्हींसमोर ग्लेनचं एकट्याचं नाव. मिलिंदने विचारलं तर ग्लेन चाचरला. “अरे, चाल तर सगळ्यांनी मिळून बसवली ना? अंकलने फॉर्म भरला यार, आता कशाला लफडं?” बाकीचे दोघे वाजवणारे गप्प. मिलिंद थेट वागळ्यांकडे गेला. वागळे म्हणाले, “मला दोघंही सारखेच. पुरावा असेल तर दाखवा, नाव बदलतो. रविवारनंतर मात्र छपाईला जाणार.”

आणि मिलिंदने त्यांना सांगितलं, “पुरावा आहे. ग्लेन स्टेजवर बोलला होता, शैलाच्या टेपवर आहे. मूळ कॅसेट ती घराबाहेर देत नाही, तुम्हीच या.”

मला हे कळलं ते सगळं ठरल्यावर. बुधवार होता. मिलिंद दारातच उभा राहून उत्साहाने सांगत होता, रविवारी सकाळी वागळे येणार, ग्लेनलाही बोलावलंय, तुझी टेप लावायची, बस. “झकास ना?” म्हणाला. मी म्हणाले, “झकास.” तो गेल्यावर कॅसेट लावली. आधीचं गाणं संपलं, टक् असा आवाज आला, आणि लगेच मिलिंदची चाल सुरू. मधे काही नाही. दहा-बारा सेकंदांची टेप मी वाचवली होती. मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली, जसं काही विसाव्यांदा ग्लेन बोलणारच होता.

मिलिंदला सरळ सांगायला हवं होतं. तीन दिवस हातात होते. पण सांगायचं काय? की तुझ्या नावाची वेळ आली तेव्हा मला टेपचा लोभ सुटला? जेवण जाईना. बाबा ओरडले, “काय गं, परीक्षेत नापास झालीस का?” मी म्हणाले, हो, झाले. ते इतके चपापले की पुढे बोललेच नाहीत.

शुक्रवारी दुपारी मला गोराईची कॅसेट आठवली. त्यात ग्लेनचं बोलणं होतं. मिलिंदने गिटारवर बसवलेला एक लहानसा तुकडा त्यांनी तिथे वाजवला होता, आणि त्याच्या आधी ग्लेन म्हणाला होता, “ये ट्यून अपने मिलिंद की है. पूरी उसकी.” दुसऱ्या चालीबद्दल, दुसऱ्या गावात, पण अर्थ तोच, आवाज तोच. शिंदेवहिनींचा टेप मागून आणला, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जोडायची वायर आणली, आणि दार लोटून बसले. अंधेरीचं आधीचं गाणं एका कोऱ्या कॅसेटवर उतरवलं, शेवटच्या ठोक्यावर थांबवलं, तिथे गोराईच्या टाळ्या आणि ते वाक्य घातलं, आणि त्याला लागून मिलिंदचं गाणं. पहिल्या वेळी ‘ये’ तुटला. दुसऱ्या वेळी टक् आवाज आला. तिसऱ्या वेळी जमलं. आवाज अगदी बारीक ठेवला होता, कुणी ऐकू नये म्हणून. मग मूळ कॅसेटवरचं माझ्या अक्षरातलं लेबल सोडवून नव्या कॅसेटवर चिकटवायला मी ती चहाच्या वाफेवर धरली.

आई मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही. “काय करतस गो?”

मी सगळं सांगितलं. रडतच. पॉजपासून गोराईपर्यंत. आईने पदराला हात पुसले, वाफेवरची कॅसेट बघितली.

“गाना त्याचाच मा?”

“त्याचंच. तुझ्यासमोर तर केलंन त्याने.”

“मगे लेबल नीट काढ. फाडशीत.” आणि चहाखालची आच तिने कमी केली.

रविवारी सगळे आले. वागळ्यांना खुर्ची दिली, बाकीचे खाली सतरंजीवर. ग्लेन दाराजवळ, गुडघे पोटाशी घेऊन. मिलिंद भिंतीला टेकून, नवा शर्ट घालून. त्या शर्टाकडे माझ्याने बघवेना. आईने सगळ्यांना घावणे दिले. वागळ्यांनी तीन खाल्ले आणि म्हणाले, “लावा बाई. आवाज मोठा करा, मला एका कानाने कमी ऐकू येतं.” मोठा करा! मी आवाज जेमतेम वाढवला. पण बाबांनीच पुढे होऊन बटण शेवटपर्यंत फिरवलं.

गाणं संपलं. टाळ्या. ग्लेनचा आवाज, “ये ट्यून अपने मिलिंद की है. पूरी उसकी.” आणि त्याच्या पाठीमागे, स्पष्ट, मोकळ्या मैदानात भुंकतं तसं एक कुत्रं भुंकलं. दोनदा.

तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. बारीक आवाजात ते ऐकू आलं नव्हतं. मग गाणं सुरू झालं, पण वागळ्यांनी हात वर केला. “थांबवा. कॉलेजच्या हॉलमध्ये कुत्रं कुठलं?”

स्वयंपाकघरात तवा चरचरत होता. बाबांना या कशाचा पत्ता नव्हता, ते ओरडले, “हल्ली कुत्री कुठेही शिरतात हो!” वागळे काही हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. मिलिंदचं नाव तर गेलंच, वर तो लबाड ठरणार, आणि तेही माझ्यामुळे.

तेवढ्यात ग्लेन बोलला. “होतं एक कुत्रं. दारातच बसायचं, वॉचमनचं.” तो टेपरेकॉर्डरकडे बघत होता, माझ्याकडे नाही. गोराईला तोच बोलला होता, त्याला ठाऊक असणारच. “और हां, मी बोललो होतो ते. ट्यून मिलिंदची आहे, सर. पूरी उसकी. फॉर्म बदला.”

वागळ्यांनी फॉर्म तिथेच बदलला, चौथा घावणा खाल्ला आणि गेले. ग्लेनने मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला, “सॉरी यार,” म्हणाला, आणि चपला घालून निघाला. माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही, ना तेव्हा, ना नंतर कधी. कॅनडाला जाण्याआधी एकदा स्टेशनवर भेटला तेव्हा नुसता हसला. मिलिंद मागे थांबला. मला वाटलं, आता विचारणार. पण त्याने आईला ताट नेऊन दिलं, “येतो काकी,” म्हणाला, आणि गेला.

कॅसेट निघाली. फार कुणी घेतली नाही. पण आतल्या कागदावर बारीक अक्षरांत त्याचं नाव होतं, आणि त्याच्या वडिलांनी तो कागद वाचनालयाच्या काचेखाली लावला, असं मी ऐकलं. बँड वर्षभरात मोडला. मिलिंद टेलिफोनमध्ये नोकरीला लागला, रात्रशाळेतल्या मुलांना गिटार शिकवत राहिला. आमची मैत्री टिकली, पण त्या रविवारचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही. मी पॉज दाबणं मात्र त्या दिवसापासून सोडलं. नंतरच्या माझ्या सगळ्या टेपांवर खुर्च्या सरकतात, लोक खोकतात, कुणीतरी कुणाला तरी ‘पाणी आण रे’ म्हणतं. अभ्यासाला येणारे म्हणतात, हेच तर सोनं आहे. मी मान डोलावते.

हे प्रकरण लिहायला घेतलं आणि हात थांबला. कॅसेट खोटी होती असं मी छापलं, तर मिलिंदच्या नावाचं काय? लोक म्हणणार, म्हणजे चालही त्याची नव्हती. एका नावासाठी खोटेपणा केला, आता खरेपणासाठी तेच नाव खोडायचं? चार दिवस मला झोप नाही. शेवटी मागच्या आठवड्यात त्याला फोन केला. आता तोही आजोबा झालाय. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, पॉज, गोराई, वायर, लेबल. इतक्या वर्षांनी बोलताना पुन्हा रडले, काय सांगू.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“गोराईचं ते. अगं, ग्लेन बोलतो तेव्हा मागे कुणीतरी बेसची तार लावतंय, ऐक ना नीट. तो मी आहे. खाडीच्या हवेने तार उतरली होती. अंधेरीला मी घरूनच लावून आलो होतो. तुमच्या सतरंजीवर बसल्या बसल्या पहिल्या झटक्यात ओळखलं.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीस रे? इतकी वर्षं मी…”

“काय बोलणार होतो?” तो म्हणाला. “शैला, तोवर माझ्या बाजूने कुणी कधी खरंसुद्धा बोललं नव्हतं गं. तू तर माझ्यासाठी खोटं बोललीस.”

मग म्हणाला, लिही. सगळं लिही, कुत्र्यासकट. म्हणून लिहिलं.